जर्मन बोलायला शिकताय? आधी हे गैरसमज सोडा

नागपुरात जर्मनचा विषय निघाला, की सल्ले देणारे बरेच भेटतात. त्यातले काही नवशिक्याला उगाच घाबरवतात, तर काही उगाच हुरळवून टाकतात.

गैरसमज : इंग्रजी पक्कं असल्याशिवाय जर्मन जमत नाही.
वस्तुस्थिती : अनेक ठिकाणी मराठीच जास्त कामी येते. जर्मनमध्येही तीन लिंगं आहेत. 'तू' आणि 'आपण' हा भेद आहे. पंचवीस म्हणताना पाच आधी आणि वीस नंतर येतात. 'मी पोहे खाल्ले' यातलं 'खाल्ले' जर्मन वाक्यातही शेवटीच येतं.

गैरसमज : मग मराठीतलं लिंगच जर्मनमध्ये चालेल.
वस्तुस्थिती : नाही. चंद्र दोन्हीकडे पुल्लिंगी आहे, पण सूर्य जर्मनमध्ये स्त्रीलिंगी. म्हणून नाम पाठ करताना त्याच्या आधीचं 'डेर', 'डी' किंवा 'दास' सोबतच पाठ करावं.

गैरसमज : उच्चार आपल्या जिभेला झेपणार नाहीत.
वस्तुस्थिती : 'झेड' या अक्षराचा जर्मन उच्चार म्हणजे 'चमचा'मधला च. 'डब्ल्यू'चा उच्चार व, तर 'व्ही'चा बहुतेक जर्मन शब्दांत फ. नवा आहे तो दोन टिंबांचा 'यू' : ओठ 'ऊ'सारखे गोल ठेवून 'ई' म्हणायचं.

गैरसमज : आधी व्याकरण संपवायचं, मग बोलायचं.
वस्तुस्थिती : जर्मन शिकवणाऱ्या आणि तिच्या परीक्षा घेणाऱ्या ग्योटे इन्स्टिट्यूट या संस्थेच्या ए१ या पहिल्या पातळीच्या परीक्षेतच तोंडी भाग असतो. त्यात स्वतःची ओळख करून देणं, नावाची अक्षरं सांगणं, साधे प्रश्न विचारणं आणि विनंती करणं एवढंच अपेक्षित असतं. हे पहिल्या आठवड्यापासून मोठ्यानं बोलून पाहता येतं.

गैरसमज : जर्मनसाठी पुण्या-मुंबईच्या मॅक्सम्युलर भवनात, म्हणजे ग्योटे इन्स्टिट्यूटच्या तिथल्या केंद्रातच राहून शिकावं लागतं.
वस्तुस्थिती : ग्योटे इन्स्टिट्यूटचे वर्ग ऑनलाइनही चालतात. डॉइचे वेले या जर्मन प्रसारण संस्थेचा 'निकोस वेग' हा ए१ ते बी१ पातळीचा अभ्यासक्रम मोफत आहे. ग्योटेच्या परीक्षेला बसण्यासाठी त्यांचाच वर्ग केलेला असावा, अशी अटही नाही.

गैरसमज : तीन महिने शिकलं, की जर्मनीत नोकरी.
वस्तुस्थिती : ग्योटेच्या अंदाजानुसार ए१साठी ४५ मिनिटांच्या ८० ते २०० तासिका लागतात, आणि बी१पर्यंत पोहोचायला एकूण ३५० ते ६५०. परिचारिका म्हणून मान्यता मिळवायची तर साधारणपणे त्याच्याही पुढची बी२ पातळी गाठावी लागते.

तेव्हा तीन महिन्यांत नोकरीची हमी देणाऱ्या क्लासला फी भरण्याआधी एकच प्रश्न विचारा : किती तासिका, आणि कोणती पातळी?