ठराव सभागृहाचा, अंमल आयुक्तांचा

शीळफाट्यावरून तीन महापालिकांच्या वाटा फुटतात. कल्याण रस्त्याने खिडकाळीपर्यंत ठाणे, काटईपासून कल्याण-डोंबिवली आणि महापेकडे गेलं की नवी मुंबई. वाट कोणतीही धरा, कायदा एकच : १९४९ चा महापालिका अधिनियम. पैशाला मंजुरी सभागृहाची, अंमल आयुक्तांचा. आणि आयुक्त नेमणार राज्य सरकार. अमेरिकेतही अध्यक्ष आणि काँग्रेस यांच्यात ओढाताण चालते. पण तिथला अध्यक्ष मतं मागून येतो, आपला आयुक्त बदलीच्या आदेशाने.

ही रचना मुंबईतून आली. १८६५ मध्ये आर्थर क्रॉफर्ड आयुक्त झाले, तेव्हा सगळी सूत्रं त्यांच्याच हाती होती. कामं झाली, पण खर्च हाताबाहेर गेला आणि १८७१ मध्ये करदाते उठले. १८७२ च्या कायद्याने त्यांनी निवडलेले सदस्य सभागृहात आले. कारभार एकाने करावा, पण त्याला जाब विचारणारं सभागृह हवं, हा फिरोजशहा मेहतांचा आग्रह होता.

सभागृहाचं सर्वांत मोठं अस्त्र अविश्वास ठरावाचं. पाच-अष्टमांश नगरसेवकांनी तो केला, तर आयुक्तांना हटवावं, असं कायदा सांगतो. नवी मुंबईत २५ ऑक्टोबर २०१६ रोजी आयुक्त तुकाराम मुंढे यांच्याविरुद्ध तो १०४ विरुद्ध ६ मतांनी मंजूर झाला. सरकारने ठराव रोखला. कलम ४५१ खाली ठराव निलंबित किंवा विखंडित करता येतो. मुंढेंची बदली झाली मार्च २०१७ मध्ये, सरकारने ठरवलं तेव्हा.

तोल खरा ढळला तो सभागृहच उरलं नाही तेव्हा. कल्याण-डोंबिवलीची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली, ठाण्याची मार्च २०२२ मध्ये. मतदान झालं १५ जानेवारी २०२६ ला. मधल्या काळात अंदाजपत्रक आयुक्तांनी मांडायचं आणि प्रशासक म्हणून त्यांनीच मंजूर करायचं. भर सभेत उठून ‘हा खर्च कशासाठी?’ असं विचारणारं कोणी नव्हतं.

सभागृह असलं की सगळं सुरळीत होतं, असंही नाही. ४ एप्रिल २०१३ रोजी शीळमध्ये बेकायदा इमारत कोसळून ७४ माणसं गेली. तेव्हा ठाण्यात नगरसेवक होते, आयुक्तही होते. मजल्यावर मजला चढत गेला आणि वेळीच कोणी थांबवलं नाही.

आता नगरसेवक पुन्हा आले आहेत. महासभा दर महिन्याला भरते. आपल्या प्रभागाचा प्रश्न त्यांनी तिथे लेखी मांडला का आणि आयुक्तांनी काय उत्तर दिलं, एवढं दर महिन्याला त्यांना विचारा.