प्रकाशाचा आढावा कोण घेणार?

वाळूज म्हटलं की बहुतेकांना बजाजची दुचाकी आठवते. याच औद्योगिक वसाहतीत काचेचा केसासारखा बारीक धागा ओढला जातो, हे छत्रपती संभाजीनगरातल्याही अनेकांना ठाऊक नसतं. स्टरलाइट टेक्नॉलॉजीज, म्हणजे आताची ‘एसटीएल’, शेंद्र्याला प्रीफॉर्म नावाची अतिशुद्ध काचेची कांडी बनवते आणि वाळूजला तिच्यापासून ऑप्टिकल फायबर ओढते. उंच मनोऱ्यातल्या भट्टीत सुमारे २००० अंश सेल्सिअसला कांडीचं टोक मऊ होऊन ओघळतं आणि त्याचा १२५ मायक्रॉन जाडीचा धागा होतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. प्रकाश धावतो तो धाग्याच्या मधल्या, जेमतेम ९ मायक्रॉनच्या गाभ्यातून. वरून लेप चढला की जाडी साधारणपणे २५० मायक्रॉन होते. एसटीएलने ती १८० पर्यंत खाली आणली आहे.

आजच्या चांगल्या फायबरमध्ये १५ किलोमीटर गेल्यावरही निम्मा प्रकाश शिल्लक असतो. १९६६ साली हाती असलेल्या काचेत अवघ्या २० मीटरवर शंभरातला एकच भाग उरत असे. त्या वर्षी इंग्लंडमध्ये हार्लोच्या प्रयोगशाळेत चार्ल्स काओ आणि जॉर्ज हॉकहॅम यांनी असा निष्कर्ष काढला की दोष काचेचा नाही, तिच्यातल्या लोहासारख्या अशुद्धींचा आहे. तेवढी शुद्धता साधली आणि किलोमीटरभर अंतरावर एक टक्का प्रकाश जरी पोचला, तरी दूरध्वनीचं काम भागेल. काचेचं रसायन एकीकडे, विद्युतचुंबकीय लहरींचं गणित दुसरीकडे. दोन्हींमधलं विखुरलेलं ज्ञान त्यांनी एका ठिकाणी आणून तपासलं. १९७० मध्ये अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीने ती मर्यादा ओलांडून दाखवली.

असं ज्ञान एकत्र आणणं हेच आढावा-लेखांच्या जर्नलचं काम. नवा शोध छापणारी जर्नल्स भरपूर आहेत. आढावा घेणारी थोडी. फायबर बनवणाऱ्या अभियंत्यापुढचा एक ताजा प्रश्न घ्या. २०२५ मध्ये साउदॅम्प्टनच्या संशोधकांनी पोकळ गाभ्याच्या फायबरमध्ये दर किलोमीटरला ०.०९१ डेसिबल एवढाच ऱ्हास मोजल्याचं प्रसिद्ध केलं. नेहमीच्या फायबरमध्ये तो सुमारे ०.२ असतो. म्हणजे काचेपेक्षा पोकळी सरस ठरली. मग घनगाभ्याच्या फायबरचं काय होणार? हे पोकळ धागे वळवले, जोडले, शेकडो किलोमीटर ओढले तर कसे टिकतात? उत्तरं वेगवेगळ्या जर्नलांत, वेगवेगळ्या चिन्हांत आणि वेगवेगळ्या अटींखाली विखुरलेली असतात. त्यांची नुसती यादी केली तर तो आढावा होत नाही. कोणतं मोजमाप दुसऱ्या प्रयोगशाळेत पुन्हा मिळालं, कोणतं सूत्र कुठवर चालतं, कुठे शास्त्रज्ञांचं अजून जमत नाही, हे नाव घेऊन सांगावं लागतं. त्यासाठी विषयात मुरलेला आणि थोडा भांडखोर माणूस लागतो.

एमिल वुल्फ यांनी १९६१ पासून ‘प्रोग्रेस इन ऑप्टिक्स’ ही ग्रंथमालिका याच हेतूने चालवली. पुढे अमेरिकेच्या ऑप्टिकल सोसायटीने जानेवारी २००९ मध्ये ‘ॲडव्हान्सेस इन ऑप्टिक्स अँड फोटॉनिक्स’ सुरू केलं. (योगायोग असा, की त्याच वर्षी काओ यांना नोबेल मिळालं.) संस्थापक संपादक होते बहाआ सालेह. पुढे काही वर्षं ही धुरा गोविंद अग्रवाल यांच्याकडे होती. त्यांचं फायबरमधल्या अरेषीय प्रकाशिकीवरचं पुस्तक या विषयाच्या विद्यार्थ्याला टाळता येत नाही. पहिल्याच अंकात चिवेन झान यांचा विशिष्ट ध्रुवीभवनाच्या प्रकाशझोतांवरचा लेख आला आणि आजही त्याचे संदर्भ दिले जातात. वर्षाला चार अंक, लेख थोडे, पण लांबलचक. इतका मोठा लेख वाचून चुका काढणारे परीक्षक मिळवणं, हीच संपादकाची खरी डोकेदुखी.

यातली एक मेख सांगायला हवी. आढावा-लेखांना संदर्भ जास्त मिळतात, म्हणून अशा जर्नलचा ‘इम्पॅक्ट फॅक्टर’ लवकर चढतो आणि प्रकाशक खूश होतात. नव्या आढावा-जर्नलामागची प्रेरणा दर वेळी ज्ञानाचीच असते, असं समजायचं कारण नाही.

आपल्याकडे तर जर्नल काढणं फार सोपं. आयएसएसएन क्रमांक मोफत मिळतो, संकेतस्थळ दोन दिवसांत उभं राहतं. याचा परिणाम भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये मांडला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्य यादीतल्या १००९ जर्नलांची त्यांनी छाननी केली, तेव्हा सुमारे ८८ टक्के निकृष्ट ठरली. कुठे पत्ता वा संपादकांची नावं नव्हती, तर कुठे इम्पॅक्ट फॅक्टर खोटा होता. त्यानंतर पुण्याच्या विद्यापीठातून ‘यूजीसी-केअर’ यादी चालवली गेली. फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने तीही बंद केली. आता निवड ज्याची त्याने करायची.

म्हणून इथे जर्नल काढूच नये का? भौतिकशास्त्रज्ञ सी. व्ही. रामन यांचं उदाहरण उलटं सांगतं. १९२६ मध्ये त्यांनी ‘इंडियन जर्नल ऑफ फिजिक्स’ सुरू केलं. फेब्रुवारी १९२८ मध्ये प्रकाशाच्या विकिरणाचा नवा परिणाम हाती लागला, १६ मार्चला त्यांनी बंगळुरूत त्यावर भाषण दिलं आणि महिनाअखेर ते याच जर्नलात छापून जगभरच्या शास्त्रज्ञांना रवाना झालं. नोबेल मिळवून देणारं काम घरच्या जर्नलात आलं, कारण जर्नलच्या पाठीशी दम असलेलं संशोधन होतं. आज त्याच रामन परिणामावर फायबरमधला क्षीण झालेला प्रकाश पुन्हा बळकट करणारे वर्धक चालतात. कोलकात्याच्या ऑप्टिकल सोसायटी ऑफ इंडियाचं ‘जर्नल ऑफ ऑप्टिक्स’ही १९७२ पासून सुरू आहे.

वाचायला मिळण्याची अडचण थोडी कमी झाली आहे. ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेत केंद्र सरकारने तीन वर्षांसाठी ६००० कोटी रुपये मंजूर केले. ३० प्रकाशकांची सुमारे १३ हजार जर्नल्स सरकारी विद्यापीठं, महाविद्यालयं आणि केंद्रीय प्रयोगशाळांना खुली झाली. वाळूजच्या छोट्या कारखान्यातला अभियंता मात्र या योजनेत बसत नाही. आणि कारखान्याचं ज्ञान पेटंटात अडकतं, जर्नलात क्वचितच येतं, ही दुसरी बाजूही आहेच.

मराठवाड्यात या विषयाची गरज आता वाढणार आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ ‘लायगो-इंडिया’ ही वेधशाळा उभी राहते आहे. एप्रिल २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने तिला मंजुरी दिली. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन बाहूंमध्ये लेझर फिरवून गुरुत्वीय लहरी पकडायच्या, म्हणजे आरसे, लेप आणि लेझर यांचं अस्सल प्रकाशिकीचं काम. तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातल्या प्राध्यापकांना आणि वाळूजच्या अभियंत्यांना एवढंच सुचवावंसं वाटतं: प्रकाशिकीचं आढावा-जर्नल काढायचंच असेल, तर त्याचं नाव आणि संपादक मंडळ ठरवण्याआधी दोघांनी मिळून एक आढावा लिहा. मराठवाड्याच्या उन्हात, जमिनीत गाडलेल्या आणि खांबांवर टांगलेल्या केबलांत फायबरचा लेप आणि जोड कसे टिकतात, यावर. असे दहा लेख हाती आले की मगच जर्नल काढा.