बांदा : सीमेअलीकडची प्रार्थना

मुंबईहून गोव्याकडे निघालेल्या गाडीला इन्सुलीचा घाट उतरला की बांदा लागतो. पुढे पाच-सहा किलोमीटरवर पत्रादेवी, आणि तिथून गोवा. बहुतेक प्रवासी इथे चहापुरते थांबतात, नाहीतर तेवढेही थांबत नाहीत. महामार्ग गावाला चाटून जातो, पण खरं गाव आत आहे, तेरेखोल नदीच्या काठाला. सह्याद्रीतून उतरलेली ही नदी बांद्याच्या कडेने आरोंद्याकडे जाते आणि तेरेखोलच्या किल्ल्यापाशी समुद्राला मिळते. एके काळी नदीच्या या वाटेने गलबतं वर येत. आदिलशाहीत या गावाचं नाव आदिलाबाद होतं. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला पश्चिम किनाऱ्याचं वर्णन लिहिणाऱ्या दुआर्ते बार्बोझा या पोर्तुगिजाने बांद्याच्या व्यापाराची दखल घेतली आहे. त्या काळाची खूण म्हणून रेडे घुमट ही वास्तू उभी आहे, आणि गाव आपल्या बांदेश्वर-भूमिका या ग्रामदेवतांच्या आधाराने नांदतं. बाजारपेठ नदीला इतकी जवळ की २०१९ आणि २०२१ च्या पावसाळ्यांत दुकानांत पाणी शिरलं.

या गावात आणि आसपासच्या वाड्यांत फर्नांडिस, डिसोजा, रॉड्रिग्ज, लोबो अशी आडनावं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. घराच्या अंगणात किंवा वाटेच्या वळणावर पांढरा खुरीस म्हणजे क्रूस, त्यावर झेंडूची माळ, पायाशी मेणबत्तीचं वितळलेलं मेण. घरात बोलणं मालवणी आणि कोंकणीच्या मिश्रणाचं, प्रार्थना कधी कोंकणीत, कधी मराठीत. बाहेरच्या माणसाला हे सगळं गोव्याची शेजारसावली वाटतं. ते अर्धंच खरं आहे. ही माणसं गोव्यातून आली हे बरोबर, पण ती कशासाठी आली हे कळल्याशिवाय बांदा कळत नाही.

गोव्यात इन्क्विझिशन १५६० मध्ये सुरू झालं आणि मधली थोडी वर्षं सोडली तर १८१२ पर्यंत चाललं. त्याचा सर्वांत जास्त जाच नव्याने ख्रिस्ती झालेल्यांनाच झाला, कारण त्यांच्या घरातली जुनी रीत हाच पुरावा धरला जाई. १६८४ मध्ये व्हाइसरॉयने फर्मान काढलं की लोकांनी तीन वर्षांत कोंकणी सोडून पोर्तुगीज बोलायला लागावं. १७३६ च्या फर्मानात तर अंगणातली तुळस, लग्नातला विडा-सुपारी, लग्नात म्हणायच्या ओव्या, धोतर-चोळी, इतकंच काय मिठाशिवाय शिजवलेला भातसुद्धा निषिद्ध ठरला. जोडीला कर होते, रोगराई होती, संभाजी महाराजांच्या १६८३ च्या स्वारीपासून १७३९ च्या मराठी मोहिमेपर्यंत लढायांची धामधूम होती. या सगळ्यातून अनेक कुटुंबं उठली. काही दक्षिणेला कारवार-मंगळूरकडे गेली, काही उत्तरेला सावंतवाडीच्या भोसल्यांच्या मुलखात आली आणि शेतीला लागली.

मला यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. ही माणसं ख्रिस्ती राजाच्या राज्यातून निघून हिंदू राजाच्या राज्यात आली, आणि आल्यावर त्यांनी श्रद्धा टाकली नाही. टाकायचीच असती तर याहून सोपी संधी मिळाली नसती. विचारणारं कुणी नव्हतं, शिक्षा करणारं कुणी नव्हतं. तरी त्यांनी खुरीस उभे केले, संध्याकाळी त्यापुढे लादीन ही सामुदायिक प्रार्थना म्हटली, पोरांना जपमाळ शिकवली. कोकणातल्या या भागात ख्रिस्ती श्रद्धा सत्तेच्या पाठबळावर आलेली नाही. सत्तेला पाठ दाखवून आलेल्या माणसांनी ती डोक्यावरच्या गाठोड्यात आणली. जे या धर्माला परदेशी राज्याचं शेपूट म्हणतात, त्यांनी बांद्याच्या एखाद्या ख्रिस्ती वाडीत दोन दिवस राहावं.

ही कुटुंबं आली तेव्हा आजची सीमाही नव्हती. पेडणे महाल तेव्हा सावंतवाडीकरांचाच होता, हद्द शापोरा नदीवर होती. १७८८ मध्ये पेडणे पोर्तुगिजांकडे गेलं आणि सरहद्द सरकत पत्रादेवीपर्यंत आली. ज्यांनी राज्य ओलांडलं होतं, त्यांच्या उंबऱ्यापाशी ते राज्य पुन्हा येऊन बसलं. पण आता अंतर पडलं होतं. इकडच्या ख्रिस्ती माणसाचे सोयरे इकडचे, सावकार इकडचा, खळ्यावर मदतीला येणारा शेजारी इकडचा.

नोव्हेंबरच्या शेवटी बांद्याला जाणाऱ्याला याच श्रद्धेचं सर्वांत देखणं रूप दिसतं. जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियरची नोवेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, २४ नोव्हेंबरला सुरू होते, आणि फेस्त म्हणजे सण ३ डिसेंबरला असतो. त्या दिवसांत सिंधुदुर्गातल्या गावागावांतून माणसं पायी निघतात. काही आरोंद्याच्या बाजूने जातात, बरीच बांद्यावरून महामार्गाने पत्रादेवी, धारगळ, कोलवाळचा पूल, म्हापसा, पर्वरी असं करत. बांद्यापासून जुनं गोवं साधारण ५० किलोमीटर. ऊन टाळायला लोक रात्री किंवा पहाटे चालतात. पुढे एखादा खुरीस धरलेला, मागे तेर्स म्हणजे जपमाळेची प्रार्थना म्हणत चाललेली रांग, पायांत साध्या चपला, काहीजण अनवाणी. नवस असतो, कुणाचं दुखणं असतं, परदेशी गेलेल्या मुलाची काळजी असते, कुणाला नुसतंच आभार मानायचे असतात. वाटेवरची घरं पाणी, चहा, पेज पुढे करतात आणि देणाऱ्यांत हिंदू घरंही असतात.

वारी ज्याने पाहिली आहे त्याला इथे काही समजावून सांगावं लागत नाही. पन्नास किलोमीटर एकत्र चालल्यावर बोटीवर खलाशी असलेला, शेतावर मजुरी करणारा आणि कचेरीत बसणारा यांच्या पायांना सारखेच फोड येतात. चर्चच्या बाकांवर जे सहज होत नाही ते रस्त्यावर होतं. बाकांवरच्या अंतराबद्दल मी मुद्दाम बोलतो आहे. गोव्याकडच्या ख्रिस्ती समाजाने जात सोबत आणली, हे लपवण्यात अर्थ नाही. कोंकणी की मराठी हाही प्रश्न प्रार्थनेत कधी कधी डोकं वर काढतो. एकोपा हा तिथे वारशाने मिळालेला नाही, तो दर पिढीला मिळवावा लागतो.

हिंदू-ख्रिस्ती शेजाराचं मात्र इथे वारशात पुष्कळ काही आलं आहे. ईस्टरनंतर साधारण पंधरा दिवसांनी एका सोमवारी म्हापशाला मिलाग्रिस सायबिणीचं, म्हणजे मरियामातेचं, फेस्त भरतं. लोककथेत ही सायबीण सात बहिणींपैकी एक, मिराबाई. तिची बहीण शिरगावची लईराई. फेस्ताला हिंदू भाविक तेल घेऊन येतात आणि सायबिणीला वाहतात. देवळातून चर्चला तेल आणि चर्चमधून देवळाला फुलं, असा हा बहिणींचा नेम सांगितला जातो. सावंतवाडीतही मिलाग्रिस हे नाव घराघरात आहे, कारण तिथल्या मिलाग्रिस हायस्कूलमध्ये तालुक्यातल्या किती पिढ्या शिकल्या. तिथे शिकून बाहेर पडलेल्यांत ख्रिस्ती नसलेलेच अधिक. धर्म बदलायला गेले नाहीत, इंग्रजी आणि शिस्त शिकायला गेले, आणि शिकवणाऱ्यांनी तेवढ्यावर समाधान मानलं. माझ्या दृष्टीने या भागातल्या चर्चच्या कामाची ही सर्वांत मोठी पावती आहे.

सेवेचं दुसरं नाव वेंगुर्ल्याला आहे, आणि ते कॅथलिक नाही. कोल्हापुरात १८५२ मध्ये रॉयल वाइल्डर यांनी सुरू केलेलं काम पुढे अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनकडे आलं. त्याच मिशनच्या विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेला इस्पितळ उभारलं, आणि कोकणात वेंगुर्ल्याचं सेंट ल्युक्स हॉस्पिटल नावारूपाला आलं. डॉ. रॉबर्ट गोहीन तिथले डॉक्टर. घाटापलीकडे जाणं म्हणजे दिवसांची गोष्ट होती त्या काळात अडलेली बाळंतीण, साप चावलेला शेतकरी, तापाने फणफणलेलं पोर यांच्यासाठी मिशनचा डॉक्टर हाच आधार होता. खाटेवर कॅथलिक आहे की प्रोटेस्टंट, मराठा आहे की महार, याने औषध बदलत नव्हतं. याच डॉक्टरांचा मुलगा रॉबर्ट एफ. गोहीन १५ ऑगस्ट १९१९ रोजी वेंगुर्ल्यात जन्मला. पुढे तो १९५७ ते १९७२ प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष झाला. त्याच्याच काळात, १९६९ मध्ये, त्या विद्यापीठात पदवीसाठी मुलींना प्रवेश मिळाला. १९७७ मध्ये तो अमेरिकेचा राजदूत म्हणून भारतात परत आला. वेंगुर्ल्याच्या मातीत जन्मलेला राजदूत, ही गोष्ट आपल्या जिल्ह्याने जरा अधिक अभिमानाने सांगायला हवी.

श्रद्धा ठेवायची ती कशासाठी, हा प्रश्न बांद्याच्या तरुणालाही पडतो. रोज सकाळी गोव्यात कामाला जाऊन रात्री परतणारी, आखातात जाण्याची वाट बघणारी ही मुलं. त्यांच्यापुढे ठेवण्यासारखं नाव याच कोंकणी घरांतलं आहे: संत जोसेफ वाझ. २१ एप्रिल १६५१ चा जन्म, बाणावलीचा. पाद्री झाल्यावर कानडा प्रांतात गेला तेव्हा तिथे पोर्तुगिजांचं पाद्रोआदो आणि रोमचं प्रोपागांडा यांच्या अधिकाराच्या भांडणात भाविक भरडले जात होते. त्याने कुणाची बाजू धरून आग लावली नाही, पडत्या बाजूने घेत लोकांना एकत्र ठेवलं. मग १६८७ मध्ये मजुराच्या वेषात श्रीलंकेला गेला. तिथल्या किनाऱ्यावर डच राज्य होतं, प्रोटेस्टंट, आणि कॅथलिक पाद्रीला मज्जाव होता. कँडीच्या बौद्ध राजाने आधी हेर समजून त्याला कैदेत टाकलं, नंतर त्यालाच आश्रय दिला. १६९७ मध्ये कँडीत देवीची साथ आली, माणसं आजाऱ्यांना टाकून पळाली. वाझ आणि त्याचा सोबती मागे राहिले. बौद्ध असो वा ख्रिस्ती, जो सापडेल त्याला धुतलं, पुसलं, भरवलं, मेलेल्याला पुरलं. राजा दुसरा विमलधर्मसूर्य याने त्याला राज्यभर फिरायची मोकळीक दिली ती यानंतर. १४ जानेवारी २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोत त्याला संतपद दिलं.

ख्रिस्ती राज्याकडून जाच आणि परधर्मी राजाकडून छाया, हे वाझच्या आयुष्यात घडलं तेच सावंतवाडीच्या मुलखात आलेल्या कुटुंबांच्या बाबतीत घडलं. योगायोग म्हणून सोडून देण्यासारखं हे नाही. ज्याच्या हातात काही सत्ता नाही त्याच्या श्रद्धेला सेवेशिवाय दुसरी भाषा उरत नाही, आणि तीच भाषा शेजाऱ्याला कळते. आपल्याच कोकणात जन्मलेल्या रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला, बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या दोघांनाही ख्रिस्ताभोवती बसता यावं म्हणून. टिळक १९१९ मध्ये गेले आणि दरबार फार पुढे गेला नाही. बांद्याच्या खुरिसापाशी नवस बोलायला येणाऱ्या हिंदू बाईला त्या दरबाराचं नावही माहीत नसेल, पण तिच्या येण्याजाण्यात त्याचा काही अंश चालू आहे असं मला मनापासून वाटतं.

आणखी एक गोष्ट बांद्याने पाहिली. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार जगाला सांगत होता की गोव्यातले कॅथलिक पोर्तुगालसोबत आहेत. पण गोवामुक्तीसाठी लढणाऱ्या नॅशनल काँग्रेस गोवाचं नेतृत्व तेव्हा पीटर अल्वारिस हे कॅथलिकच करत होते. १५ ऑगस्ट १९५४ रोजी आल्फ्रेड आफोन्सो यांच्या तुकडीने तेरेखोलच्या किल्ल्यात शिरून तिरंगा फडकवला. त्या किल्ल्यात संत अंतोनचं चर्च आहे, आणि त्याच्या पायथ्याचं पाणी बांद्यावरूनच आलेलं. पुढच्या वर्षीच्या १५ ऑगस्टला देशभरातून आलेले सत्याग्रही बांद्यात जमून पत्रादेवीकडे चालत गेले. पोर्तुगीज सैनिकांनी गोळ्या झाडल्या. पंजाबचा कर्नैलसिंग बेनिपाल तिथे पडला, मध्य प्रदेशच्या सहोदराबाई राय झेंडा हातात धरून जखमी झाल्या. पत्रादेवीला हुतात्मा स्मारक आहे.

सिंधुदुर्ग, रत्नागिरी आणि कोल्हापूर हे तीन जिल्हे मिळून ५ जुलै २००५ रोजी पुण्यापासून वेगळा सिंधुदुर्ग धर्मप्रांत झाला आणि बिशपांचं पीठ सावंतवाडीत आलं. संख्येने हा समाज लहान आहे. पोरं बाहेर जातात, म्हातारी माणसं मागे राहतात, काही घरांचं कुलूप वर्षातून एकदा नाताळालाच उघडलेलं दिसतं. धर्मप्रांत जवळ आला याचा खरा उपयोग या म्हाताऱ्यांची विचारपूस आणि दुर्गम वाड्यांतल्या मुलांचं शिक्षण यांत दिसला पाहिजे. इमारती पुष्कळ झाल्या.

बांद्याला जायचं तर कोकण रेल्वेने मडुरे किंवा सावंतवाडी रोडला उतरावं. मोपाचा विमानतळही आता हाकेच्या अंतरावर आहे. नाताळच्या आठवड्यात गेलात तर कुणाच्यातरी घरून नेवऱ्या आणि दोदोलचं ताट शेजारी जाताना दिसेल, आणि ओळख निघाली तर तुमच्याही हातात येईल. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात स्वतःची गाडी घेऊन निघालात तर एवढं करा: बांदा ते म्हापसा रात्री वेग कमी ठेवा, दिव्यांचा झोत खाली घ्या. रस्त्याच्या कडेने लहान मुलं आणि वयस्क बायका चालत असतात आणि सगळ्यांच्याच अंगावर चमकणारी पट्टी नसते.