बाहुलीचे केस घरीच रंगवा

माकणीसारख्या गावात बाहुलीच्या विगसाठी खास रंग मिळत नाही, म्हणून अडायचं कारण नाही. आधी एक तंतू जाळून पाहा. केस जळल्याचा वास आला तर लोकर. वितळून कडक मणी झाला तर सिंथेटिक, त्यावर घरगुती रंग सहसा नीट बसत नाही, नाद सोडा.

लोकर पांढरीच घ्या. आपल्या दख्खनी मेंढीची बहुधा काळी, तिच्यावर रंग दिसणारच नाही. विग चिकटवण्याआधी लोकर तुरटीच्या कोमट पाण्यात मुरवा, मग पळसाच्या फुलांच्या गाळलेल्या काढ्यात मंद आचेवर तासभर ठेवा. उकळी नको, जोरात ढवळणं तर मुळीच नको; लोकर आळते, गुठळ्या होतात. भांड्यातच गार होऊ द्या. ते भांडं पुन्हा स्वयंपाकाला वापरू नका.