परमुलखातील आईबाप

नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या खेड्यातला बारा वर्षांचा गोपाळराव १८७५ च्या मे महिन्यात बडोद्याच्या महाराणी जमनाबाईंना दत्तक गेला आणि पुढे सयाजीराव महाराज म्हणून कीर्तीस चढला, ही कथा आपल्याकडे मोठ्या कौतुकाने सांगितली जाते. परंतु बडोद्याचे महाराज मल्हारराव यांच्या पदच्युतीनंतर रिकाम्या पडलेल्या गादीस वारस हवा होता, तो इंग्रज सरकारच्या मर्जीस उतरणेही अगत्याचे होते, आणि या साऱ्या खटपटीत त्या पोराचे स्वतःचे हित कशात आहे, हा प्रश्न विचारण्याची त्या काळी रीतच नव्हती. त्याचे कल्याण झाले, हा त्याच्या कर्तृत्वाचा आणि दैवाचा भाग. वंश, पिंडदान आणि वतन यांच्या सोयीसाठी उभ्या राहिलेल्या या प्रथेत मूल हे घराच्या गरजेचे साधन होते.

हा क्रम उलटा होण्यास शंभरांहून अधिक वर्षे लागली, आणि नवल असे की त्यास निमित्त झाले ते परदेशी पालकांचे. १९५६ चा दत्तकाचा कायदा हिंदूंपुरता असल्याने युरोप-अमेरिकेतील जोडप्यास येथे मूल दत्तक घेता येत नसे. ते १८९० च्या पालक व पाल्य कायद्यान्वये जिल्हा न्यायालयात अर्ज करीत, मुलाचे केवळ पालक म्हणून नेमले जात, न्यायालयाच्या परवानगीने त्यास देशाबाहेर नेत, आणि मग आपल्या मुलखातील कायद्याने दत्तविधान पुरे करीत. मधल्या काळात ते मूल ना इकडचे ना तिकडचे. या फटीतून दलालांचा शिरकाव होतो, अशी तक्रार करणारे पत्र लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनी १९८२ साली सर्वोच्च न्यायालयास लिहिले. न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानले, आणि ६ फेब्रुवारी १९८४ रोजी न्यायमूर्ती भगवती यांनी दिलेल्या निकालाने या व्यवहारास प्रथमच शिस्त लागली. मुलासाठी आधी देशातच घर शोधावे, परदेशी अर्जदाराने आपल्या देशातील मान्यताप्राप्त संस्थेमार्फतच यावे, त्याच्या घराची चौकशी तिकडील समाजसेवकाने करून अहवाल धाडावा, हे दंडक तेव्हाचे. २००३ साली भारताने परदेशी दत्तकाविषयीचा हेग करार मान्य केला, तेव्हा त्यातील पुष्कळशी तत्त्वे आपल्याला अपरिचित नव्हती.

आजची रीत नाशिकच्या संदर्भाने पाहू. घारपुरे घाटावरील आधाराश्रमासारख्या संस्थेत एखादे टाकून दिलेले अर्भक आले की त्याचे छायाचित्र वर्तमानपत्रात छापून येते आणि आईबापांनी पुढे यावे असे आवाहन केले जाते. वाचक सहसा त्या चौकोनावरून नजर फिरवून पान उलटतात. मूल दोन वर्षांच्या आतील असेल तर दोन महिने, मोठे असेल तर चार महिने, एवढ्या मुदतीत चौकशी पुरी करून बालकल्याण समिती त्यास दत्तकासाठी मुक्त ठरवते. स्वखुशीने मूल सोपवणाऱ्या आईलाही फेरविचारासाठी दोन महिने मिळतात. त्यानंतर साठ दिवसांत भारतीय अथवा अनिवासी भारतीय घर मिळाले नाही, तरच परदेशाचे दार उघडते. भावंडे, पाच वर्षांवरील मुले आणि अपंग मुले यांना मात्र परदेशी दत्तकासाठी इतर मुलांहून अग्रक्रम देण्याची मुभा कायद्यातच आहे. ही मुभा का द्यावी लागली, याचे उत्तर आपल्याला फारसे भूषणावह नाही. आपल्या घरांना तान्हे, निरोगी आणि शक्य तर गोरे मूल हवे असते. वैद्यकीय तपासणीच्या कागदावर वजन आणि डोक्याचा घेर यांखाली एखादा प्रतिकूल शेरा दिसला की कागद मुकाट्याने परत फिरतो, आणि तोच कागद वाचून परमुलखातील एखादे जोडपे होकार कळवते. अशा मुलास देशाभिमानापोटी संस्थेच्या कोठडीत वाढवणे हे त्याचे हित खासच नव्हे.

खरी अडचण निराळी आहे. दत्तकापर्यंतच्या प्रतीक्षेत काही मुले संगोपनासाठी एखाद्या कुटुंबात ठेवली जातात. तेथे त्यांना हाकेचे नाव मिळते, ताटावर हक्काची जागा मिळते. अशा कुटुंबास मूल कायमचे आपले करावयाचे असल्यास पूर्वी पाच वर्षे थांबावे लागे. २०२४ च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांनी ही मुदत दोन वर्षांवर आणली, आणि ते योग्यच झाले. लहान मुलाच्या आयुष्यात दोन वर्षांचा सहवास ही किरकोळ बाब नव्हे. तो तोडून अधिक संपन्न घर देणे हे हित मानणाऱ्याने हित आणि ऐश्वर्य यांची गल्लत केली, असेच मी म्हणेन. मुलाचे वय व समज पाहून त्याच्या इच्छेचा विचार करावा, असे कायदा सांगतो. परंतु दत्तकाचा हुकूम काढण्याचा अधिकार १ सप्टेंबर २०२२ पासून न्यायालयाकडून जिल्हाधिकाऱ्याकडे आला आहे, आणि महसुलाच्या, जमिनीच्या व निवडणुकीच्या कामांनी गजबजलेल्या कचेरीत सात वर्षांच्या पोराचे म्हणणे निवांतपणे ऐकले जाईल काय, ही शंका अनाठायी नाही. या बदलास मुंबई उच्च न्यायालयात आव्हानही दिले गेले.

मूल विमानात बसले म्हणजे जबाबदारी संपत नाही, हा धडा महाराष्ट्रालाच मिळाला आहे. १९८९ मध्ये मुंबईहून अमेरिकेत दत्तक गेलेल्या एका मुलीच्या नागरिकत्वाची पूर्तता कोणी केलीच नाही. एका घरातून दुसऱ्या घरात फिरत ती वाढली आणि २००८ साली, तिकडचा संसार मागे ठेवून, तिला तिच्या लेखी परक्या झालेल्या या देशात परत पाठवण्यात आले. आता परदेशी संस्थेने पहिल्या वर्षी दर तिमाहीस आणि दुसऱ्या वर्षी दर सहामाहीस प्रगतीचा अहवाल पाठवावा असा नियम आहे, आणि नागरिकत्वाचा पुरावाही द्यावा लागतो. नागरिकत्वाची तरतूद चोख. अहवालांची मुदत मात्र अपुरी. दहाव्या वर्षी गेलेले मूल शेवटचा अहवाल येतो तेव्हा बारा वर्षांचे असते, आणि बंडखोरीचे, प्रश्न विचारण्याचे वय तर तेथून पुढे सुरू होते. निदान सज्ञान होईपर्यंत वर्षाकाठी एक कागद आला, तर कोणत्याही सरकारवर त्याचा फारसा बोजा पडू नये.