“आज काही विशेष?”: रोजची साडी आणि टापटीप

मागच्या वेळी कार्यक्रम संपल्यावर दाराशी एका मुलीनं आम्हाला थांबवलं. बँकेत नोकरी करते. म्हणाली, “साडी नेसून गेलं की दिवसभर एकच प्रश्न. आज काही विशेष? वाढदिवस? पाहायला येणार आहेत? उत्तरं देऊन कंटाळा येतो नं, मग दुसऱ्या दिवशी पुन्हा कुर्ता.” आजचं बोलणं तिच्या त्या तक्रारीवर आहे. बायकी, नीटनेटकी साडी रोजची कशी करायची, की बघणाऱ्याला तिचं कारण विचारावंसं वाटू नये?

साडी सणासुदीची झाली, याला फार वर्षं झालेली नाहीत. पन्नाशीच्या पुढच्यांनी आपल्या आजीला लुगड्यातच भाकरी थापताना आणि बाजारहाट करताना पाहिलेलं आहे. नागपुरी लुगडं म्हणजे बारीक सुताचं, रेशमी काठाचं. इथले हलबा कोष्टी विणकर ते हातमागावर विणत. १ जानेवारी १८७७ ला जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली आणि गिरणीचं कापडही याच शहरात निघू लागलं. ती मिल पुढे बंद पडली, तिच्या जागेवर आज मॉल आहे. म्हणजे कापड विणणारं गाव हे, आणि इथल्याच मुलीला साडी नेसल्याचा खुलासा द्यावा लागतो!

दुसरं असं की, आपण जिला ‘पारंपरिक’ म्हणतो ती परकर-पोलक्यावरची गोल साडी स्वतःच तशी नवी आहे. ज्ञानदानंदिनी देवी, म्हणजे रवींद्रनाथांच्या वहिनी, १८६० च्या दशकात मुंबईत राहिल्या, तिथल्या पारशी बायकांची नेसण्याची रीत त्यांनी पाहिली आणि थोडी बदलून बंगालात नेली. घराबाहेर चारचौघांत वावरता यावं, ही त्यांची गरज होती. आपल्याकडे नऊवारीची पाचवारी झाली तेव्हाही घराघरांत कुरकुर झालीच. तेव्हा नेसण्यात सोयीचा बदल केला तर काही बुडत नाही.

नागपुरात हा विषय काढला की एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला डॉ. आंबेडकर खास बायकांशी बोलले. नेसण्यावरून आणि दागिन्यांवरून तुमची जात ओळखू येते, ती खूण टाका, लुगडं पायघोळ नेसा, असं त्यांनी सांगितलं. बायकांनी तिथंच नेसणं बदललं. जुलै १९४२ मध्ये नागपुरात दलित महिलांची अखिल भारतीय परिषद भरली, सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या; तिथंही बाबासाहेबांनी स्वच्छ राहण्यावर आणि शिकण्यावर भर दिला. आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर पांढऱ्या साड्यांतल्या बायका आल्या. त्या पांढऱ्या साडीत जर नव्हती, पण तिच्यातला रुबाब आजही या शहराला ठाऊक आहे. म्हणून ‘टापटीप’ हा शब्द आम्ही नटण्यामुरडण्याच्या खात्यात टाकत नाही. कोणी टापटीप राहायचं, यावर इथं भांडण झालेलं आहे.

आता हातातल्या साडीकडे येऊ. ही करवती. भौगोलिक मानांकन मिळालेली, विदर्भाची. अंग टसरचं, म्हणजे आपल्याकडच्या कोशाचं, आणि काठ सुती. काठाला करवतीच्या दात्यांसारखी नक्षी, म्हणून हे नाव. खुबी विणण्यात आहे. दोन काठांना दोन आणि अंगाला एक, असे तीन धोटे चालतात आणि जिथं काठ अंगाला मिळतो तिथं दोन्हींचे आडवे धागे एकमेकांत अडकवले जातात. म्हणून काठाचा रंग भरीव दिसतो. एकाच धोट्यानं विणलं तर अंगाचा धागा काठातूनही जातो आणि काठ फिका, मिसळलेला दिसतो. दुकानात ‘करवती’ म्हणून छापील दाते गळ्यात मारतात, तेव्हा साडी उलटी करून हा सांधा बघा. काम संथ आहे, आणि वर्षाला एक साडी लग्नासाठी घेणाऱ्या गिऱ्हाइकावर भंडारा जिल्ह्यातला माग चालत नाही.

रोजच्यासाठी ही साडी उत्तम, कारण ती चमकत नाही. टसरला मातकट, मधासारखी झाक असते. ऑफिसच्या ट्यूबलाइटखाली जर आणि टिकली अंगावर येतात, टसर येत नाही. ‘आज काही विशेष?’ हा प्रश्न बहुतेक वेळा साडीला नसतोच; तो जरीला, सेटच्या दागिन्यांना आणि मोकळ्या सोडलेल्या पदराला असतो. या तीन गोष्टी काढा आणि आठवडाभर बघा.

बाकी सगळं बसण्यावर आहे. फॉल आधी पाण्यातून काढून, वाळवून मगच लावा. आमच्यातल्या एकीनं घाईत कोरा फॉल लावला. पहिल्या धुण्यात तो आटला आणि काठाला अशा चुण्या पडल्या की साडी उशीच्या अभ्र्यासारखी दिसायला लागली. परकर कमी घेराचा, सुती, साडीच्या अंगाच्या रंगाचा. काठाच्या रंगाचा घेतला तर आतून डोकावतो. एक खिसा शिवून घ्या, मेट्रोचं कार्ड राहतं. नेसायचं ते चपला घालूनच, आणि काठ जमिनीपासून बोटभर वर. सरकत्या जिन्यावर लोळणारा काठ ओढला जातो, तिथं शोभेपेक्षा पाय महत्त्वाचे. निऱ्या पाच-सहा पुरतात. पदराच्या निऱ्या खांद्यावर एकाच पिनेनं, पिनेमागे कापडाचा छोटा तुकडा ठेवून, नाहीतर टसरला भोक पडतं.

ब्लाउजच्या पाठीवर लोक हजारो रुपये घालवतात आणि मुंढा मात्र चुकलेलाच असतो. हात वर केला की अख्खं पोलकं वर चढतं! आधी मुंढा बरोबर करून घ्या, बाही कोपरापर्यंत, कापड साधं. काळा, पांढरा आणि गर्द मोहरीचा असे तीन ब्लाउज असले की सात-आठ साड्या निभतात. सुती शर्ट खोचून त्यावर साडी नेसली तरी चालते. आमच्यातल्या दोघी हिवाळाभर तेच करतात. मॅचिंगचा हट्ट मात्र सोडा बाप्पा.

उन्हाळ्याचं काय, असं कोणीतरी विचारणारच. ४५ अंशांत टसरपेक्षा सुती नागपुरी बरी. खळ अगदी पातळ, भाताची पेज गाळून घेतली तरी पुरे, आणि वाळवायची सावलीत. जाड खळ केली की साडी अंगाभोवती तंबूसारखी उभी राहते. स्कूटरवर आपण तोंडाला स्कार्फ, अंगात सनकोट घालतो, त्यानं खांद्यावरच्या निऱ्या चुरगळतात. त्यावर उपाय एकच: निघताना पदर कमरेला खोचा, निऱ्या पोचल्यावर घाला. चार मिनिटं लागतात, आम्ही घड्याळ लावून पाहिलं आहे.

आता ही करवती पहिल्या रांगेतून मागे पाठवतोय. हात कोरडे असू द्या, अंगठ्या सांभाळा. उलटी करून काठाजवळचा तो सांधा बोटानं चाचपा, मग प्रश्न घेऊ.