साफसफाईला आलेली पेशी

तिगाव-पांढुर्ण्याकडे कोणाच्या छातीत कळ आली की गाडी बहुधा नागपूरचाच रस्ता धरते. घरचे एकच कारण सांगतात : ‘तेलतूप भोवलं.’ ते खोटे नाही, पण अर्धेच खरे आहे.

1913 मध्ये रशियात निकोलाय अनिच्कोव्ह यांनी सशांना कोलेस्टेरॉल चारले आणि त्यांच्या धमन्या आतून जाड झाल्या. त्या थरात चरबीने फुगलेल्या पांढऱ्या पेशीही होत्या. पुढे कित्येक दशके जगाने कोलेस्टेरॉल तेवढे लक्षात ठेवले.

त्या फुगलेल्या पेशी म्हणजे भक्षकपेशी. शिरलेले जंतू, मेलेल्या पेशी गिळणे हे त्यांचे काम. 1970 च्या दशकात ब्राउन आणि गोल्डस्टीन या शास्त्रज्ञांनी दाखवले, की साधी पेशी पोट भरले की कोलेस्टेरॉल घेणे थांबवते, पण भक्षकपेशी बिघडलेले कोलेस्टेरॉल वेगळ्या दाराने घेते आणि ते दार बंदच होत नाही. साफसफाईला आलेली पेशी तिथेच अडकते, मरते आणि सूज वाढवते.

मग घेतलेले बाहेर कसे पडते? याचे उत्तर अमेरिकेतल्या टँजिअर या छोट्या बेटाने दिले. 1960 च्या सुमारास तिथल्या पाच वर्षांच्या मुलाचे टॉन्सिल काढले, तर ते संत्र्याच्या रंगाचे! कोलेस्टेरॉलने तुडुंब भरलेल्या भक्षकपेशींचा तो रंग होता. रक्तात एचडीएल, म्हणजे ‘चांगले’ कोलेस्टेरॉल, जवळपास नव्हतेच. पेशीतून कोलेस्टेरॉल बाहेर ढकलणारे, या मुलात बिघडलेले जनुक 1999 मध्ये सापडले. संत्र्यांच्या या मुलखात ही हकीकत शाळाशाळांत सांगावी, असे मला मनापासून वाटते.

मग नुसती सूज रोखली तर? 2017 मध्ये पॉल रिडकर या हृदयरोगतज्ज्ञांच्या चाचणीत हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या सुमारे 10,000 जणांत फक्त सूज रोखणारे औषध तपासले. कोलेस्टेरॉल होते तेवढेच राहिले, तरी धोका सुमारे 15 टक्क्यांनी घटला. मात्र जीवघेणे जंतुसंसर्ग वाढले, कारण याच भक्षकपेशी आपले रक्षणही करतात.

2020 मध्ये कोल्चिसिन या जुन्या, स्वस्त सूजरोधक औषधाने आशा दाखवली. 2024 च्या मोठ्या चाचणीत मात्र झटक्यानंतर लगेच ते देऊन फायदा दिसला नाही. हेच द्रव्य पावसाळ्यात आपल्या रानात फुलणाऱ्या कळलावीत असते. तिचा कंद जीव घेऊ शकतो. तो कोणीही घरी उगाळू नये.

कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिन या औषधांची जागा अजून कोणत्याही सूजरोधक औषधाने घेतलेली नाही. डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी मनाने बंद करू नका, आणि तंबाखू आजच सोडा.